डॉक्टरांकडे तुमचा मेडिक्लेम चालेनासा झाला तर: काय करायचे आणि कोणत्या क्रमाने

"तुमची कंपनी आता आमच्याकडे चालत नाही." हॉस्पिटलच्या काउंटरवर हे ऐकले की सोलापुरात साधारण दोन गोष्टी घडतात. घरातले कुणीतरी सोने गहाण ठेवून डिपॉझिटची सोय करायला लागते, नाहीतर पाहुण्यांपैकी कुणी सांगितले म्हणून पेशंटला घेऊन मंडळी थेट पुणे गाठतात. दोन्ही निर्णय कधी कधी बरोबरही ठरतात. पण ते घेताना नेमके काय बंद झाले आहे, हे बहुतेकांनी विचारलेलेच नसते. मग क्लेम कापला जातो किंवा नाकारला जातो आणि खापर मात्र विम्यावर फुटते.

पुढचा क्रम ठरवून करायच्या उपचारांसाठी आहे: गुडघ्याची शस्त्रक्रिया, मोतीबिंदू, अँजिओप्लास्टी, किमो, डायलिसिस वगैरे.

इशारा: छातीत कळ, अपघात, पक्षाघात अशा वेळी विमा कुठे चालतो याची यादी शोधत बसू नका. जवळचे सक्षम हॉस्पिटल गाठा आणि दाखल झाल्यावर २४ तासांच्या आत कंपनीच्या टोल फ्री क्रमांकावर कळवा. बाकीचे नंतर निस्तरता येते.

## टप्पा १: नेमके काय बंद झाले ते शोधा

आपण म्हणतो "डॉक्टर इन्शुरन्स घेत नाहीत", पण आपल्याकडे विमा कंपनीचा करार सहसा डॉक्टरशी नसतो, हॉस्पिटलशी असतो. त्यामुळे "चालत नाही" या एका उत्तरामागे वेगवेगळी कारणे असू शकतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

पहिली शक्यता, हॉस्पिटल आणि तुमची कंपनी यांचा करार संपला. दर परवडत नाहीत, बिले थकली, नूतनीकरण रखडले, काहीही असेल. अशा वेळी फक्त कॅशलेस, म्हणजे कंपनीने बिल थेट हॉस्पिटलला देण्याची सोय, बंद होते. पैसे भरून उपचार घेतले तर परतावा म्हणजेच रीइम्बर्समेंट पॉलिसीच्या अटींप्रमाणे मिळू शकते.

दुसरी, कंपनी तीच आहे पण मधली टीपीए, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेमचे काम बघणारी संस्था, बदलली. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीत नूतनीकरणाच्या वेळी हे सर्रास होते. काउंटरवर जुने कार्ड दाखवले की "चालत नाही" म्हणतात. नवे कार्ड दाखवले की चालते. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीत कामाला असणाऱ्यांनी आधी एचआरला फोन करावा, निम्म्या वेळा प्रश्न तिथेच मिटतो.

तिसरी, हॉस्पिटल नेटवर्कमध्येच, म्हणजे कंपनीशी कॅशलेसचा करार असलेल्यांच्या यादीतच आहे, पण डॉक्टर तिथले पगारी नाहीत, बाहेरून येतात आणि त्यांची फी ते कॅशलेसच्या पॅकेजमध्ये बसू देत नाहीत. सोलापुरात ठरावीक वारी पुण्या-हैदराबादहून येणारे तज्ज्ञ पुष्कळ आहेत, त्यांच्याबाबत हा प्रश्न हमखास विचारा.

चौथी शक्यता सर्वांत धोक्याची. कंपनीने ते हॉस्पिटल किंवा ते डॉक्टर 'वगळलेल्या' यादीत टाकलेले असतात. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत वगळणुकींचे ठरावीक मसुदे असतात, त्यातल्या अकराव्या कलमात हे सापडते: कंपनीने वगळून तसे वेबसाइटवर जाहीर केलेल्या किंवा पॉलिसीधारकाला कळवलेल्या ठिकाणचा खर्च देय नाही. इथे कॅशलेसही नाही आणि परतावाही नाही. जिवावरचा प्रसंग किंवा अपघात असेल तर पेशंट स्थिर होईपर्यंतचाच खर्च मिळतो.

नेटवर्कमध्ये नसलेले हॉस्पिटल आणि वगळलेले हॉस्पिटल यांतला फरक न कळल्यामुळे माणसे दोन-तीन लाख भरून बसतात. कंपनीच्या वेबसाइटवर या दोन वेगळ्या याद्या असतात, दोन्ही बघा.

तपासा: काउंटरवर हे तीन प्रश्न विचारा. कुठल्या तारखेपासून बंद? फक्त आमच्या कंपनीचे की सगळ्यांचे? तात्पुरते की कायमचे? उत्तर देणाऱ्याचे नाव आणि विभाग लिहून घ्या. रिसेप्शनवर नव्हे, टीपीए डेस्कवर विचारा. रिसेप्शनवरच्या मुलीला करारातले काही माहीत नसते आणि तो तिचा दोषही नाही.

## टप्पा २: कंपनीकडून लेखी घ्या

हॉस्पिटलने सांगितले ते ऐकून घ्या, पण विश्वास कंपनीच्या लेखी उत्तरावर ठेवा. एजंटच्या व्हॉट्सॲप मेसेजला इथे किंमत नाही. एजंट भला माणूस असतो, "होऊन जाईल साहेब" म्हणतो, पण क्लेम मंजूर करणारा तो नव्हे.

कंपनीच्या ग्राहक सेवेला आणि टीपीएला एकाच ईमेलमध्ये पॉलिसी क्रमांक, पेशंटचे नाव, हॉस्पिटलचे पूर्ण नाव-पत्ता आणि नियोजित उपचार लिहा. मग विचारा:

- हे हॉस्पिटल आज नेटवर्कमध्ये आहे का? नसल्यास वगळलेल्या यादीत आहे का?
- इथे उपचार घेतल्यास परतावा मिळेल का? नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलसाठी को-पे (बिलातला आपण भरायचा वाटा) वाढतो का?
- पॉलिसीतल्या 'हॉस्पिटल'च्या व्याख्येत ही जागा बसते का?
- सोलापूर शहरात याच उपचारासाठी नेटवर्कमधली दुसरी हॉस्पिटले कोणती?

तिसरा प्रश्न अनेकांना फालतू वाटतो. पॉलिसीतली व्याख्या अशी: हॉस्पिटल कायद्याखाली नोंदणीकृत हवे, किंवा किमान निकष पूर्ण करणारे हवे. त्या निकषांत १० लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावात किमान १० खाटा आणि इतरत्र १५ खाटा लागतात. शिवाय चोवीस तास नर्स आणि डॉक्टर, शस्त्रक्रिया होत असतील तर सुसज्ज ऑपरेशन थिएटर आणि रोजच्या नोंदी. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहर साडेनऊ लाखांच्या आसपास होते, म्हणजे अगदी सीमारेषेवर. सहा-आठ खाटांचे छोटे नर्सिंग होम असेल तर महापालिकेचे नोंदणी प्रमाणपत्र चालू मुदतीचे आहे ना, ते आधी बघा आणि त्याची झेरॉक्स मागून घ्या. परताव्याच्या वेळी हा कागद मागतात आणि तो नेमका तेव्हाच नूतनीकरणाला गेलेला असतो.

इशारा: कॅशलेसची मंजुरी आधीच आलेली असेल आणि मध्येच करार संपला असेल, तर ती मंजुरी अजून वैध आहे का हे याच ईमेलमध्ये विचारा. मंजुरीपत्रावर मुदत असते, ती उलटून गेली तर पत्राचा उपयोग नाही.

## टप्पा ३: फाईल ताब्यात घ्या

डॉक्टर बदलायचे की नाही हे अजून ठरलेले नाही, तरी कागद आत्ताच घ्या. पुढच्या प्रत्येक मार्गाला ते लागणार आहेत, आणि संबंध बिघडल्यावर कागद मिळायला वेळ लागतो.

ओपीडीचे सगळे पेपर, रिपोर्ट, एक्स-रे आणि एमआरआयच्या फिल्म किंवा सीडी, आधीची डिस्चार्ज कार्डे, चालू औषधांची यादी. याशिवाय एक गोष्ट मुद्दाम मागायची: डॉक्टरांच्या लेटरहेडवर निदान, आजार पहिल्यांदा कधी आढळला, आणि सुचवलेला उपचार. 'पहिल्यांदा कधी' या तारखेवरून कंपनी आजार पॉलिसीच्या आधीचा होता का ते ठरवते. घाईत "गेली बरीच वर्षे" असे मोघम लिहून दिले तर त्याचा अर्थ कंपनी तिच्या सोयीने लावते. खोटी तारीख मागू नका, खरी आणि नेमकी मागा.

भरती असतानाच्या नोंदी मागितल्यावर ७२ तासांत देणे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे आणि त्या तीन वर्षे जपून ठेवायच्या असतात. साधा अर्ज करा, पोच घ्या. बहुतेक ठिकाणी कायदा सांगायची वेळ येत नाही, नम्रपणे मागितले की मिळते.

तपासा: पॉलिसी, आधार आणि हॉस्पिटलची फाईल या तिन्हींवर नाव एकसारखे आहे का? आपल्याकडे तेलुगू आणि कन्नड आडनावांची इंग्रजी स्पेलिंगे जितके कागद तितक्या तऱ्हांची असतात. हॉस्पिटलच्या फाईलमधले स्पेलिंग दाखल होतानाच पॉलिसीप्रमाणे करून घ्या, डिस्चार्जनंतर ते बदलायला पुन्हा शिक्के लागतात.

## टप्पा ४: मार्ग निवडा

क. तेच डॉक्टर, दुसरे हॉस्पिटल. हा मार्ग सगळ्यांत कमी वापरला जातो आणि माझ्या मते आधी हाच तपासावा. सोलापुरातले बरेच सर्जन दोन-तीन हॉस्पिटलांशी जोडलेले असतात. डॉक्टरांनाच सरळ विचारा: "सर, तुम्ही आणखी कुठे ऑपरेशन करता?" मग ते हॉस्पिटल कंपनीच्या यादीत आहे का ते बघा. मात्र त्या ठिकाणी लागणारी यंत्रणा, आयसीयू आणि भूल देणारे डॉक्टर आहेत का, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. कॅशलेससाठी डॉक्टरांना गैरसोयीच्या थिएटरमध्ये ओढू नका.

नेटवर्कमध्ये दाखल झाल्यास विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय व्हायला हवा. त्याहून उशीर होऊन हॉस्पिटलने जादा आकार लावला, तर तो कंपनीने सोसायचा.

ख. तेच हॉस्पिटल, पण 'कॅशलेस एव्हरीव्हेअर'. जनरल इन्शुरन्स कौन्सिलने २५ जानेवारी २०२४ पासून ही सोय सुरू केली. नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलातही कॅशलेस मागता येते. अट अशी की ठरवून होणाऱ्या उपचारासाठी दाखल होण्याच्या किमान ४८ तास आधी आणि तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून ४८ तासांत कंपनीला कळवायचे. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात हॉस्पिटलनेही तयार असावे लागते, आणि ज्या हॉस्पिटलचे त्याच कंपनीशी पैशांवरून बिनसले आहे ते सहसा तयार होत नाही. तरी एक ईमेल करायला काय जाते?

ग. तेच हॉस्पिटल, पैसे भरून परतावा. डॉक्टर बदलणे धोक्याचे असेल, उदाहरणार्थ किमोच्या मध्यावर, तर हाच मार्ग. पुढचा टप्पा त्याच्यासाठीच आहे.

घ. दुसरे डॉक्टर. वेळ असेल तर दुसरे मत घ्या, ते एरवीही वाईट नाही. पुण्याला जाण्याआधी राहण्याचा, सोबतीच्या माणसाचा आणि फेरतपासणीच्या फेऱ्यांचा खर्च मांडा, कारण तो विम्यात बसत नाही. कर्करोगाच्या उपचारासाठी बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल हॉस्पिटल जिल्ह्यातच आहे, हे पुण्याच्या घाईत विसरले जाते.

च. सरकारी योजना. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या एकत्रित योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. चौकशीसाठी १५५३८८. सत्तरी पार केलेल्या आई-वडिलांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नसलेले वेगळे कार्ड आहे, आणि खाजगी मेडिक्लेम असला तरी ते काढता येते. ज्यांचा पगार २१ हजारांच्या मर्यादेत आहे आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो, त्यांनी आधी तिकडे विचारावे. शासकीय रुग्णालयाचा, म्हणजे आपल्या 'सिव्हिल'चा पर्याय गर्दीमुळे नकोसा वाटतो, पण मोठ्या उपचाराला तो किमान विचारात घ्या.

इशारा: जन आरोग्य योजनेत आधी मंजुरी लागते. खिशातून पैसे भरून नंतर बिले घेऊन गेलात तर परतावा मागता येत नाही. दाखल होतानाच आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात या योजनेचे काम बघणाऱ्या माणसाला, गाठा.

इशारा: "कागदोपत्री दुसऱ्या हॉस्पिटलात दाखवू, उपचार इथेच करू" असे कुणी सुचवले तर उठून या. तो फसवणुकीचा क्लेम आहे. तो फेटाळला जातोच, वर पॉलिसी रद्द होऊ शकते.

एक गोष्ट ध्यानात घ्या: ओपीडीची तपासणी फी बहुतेक पॉलिसींत तशीही आपल्या खिशातूनच जाते. म्हणजे शस्त्रक्रिया दुसरीकडे केली तरी जुन्या डॉक्टरांकडे तपासणीला जात राहायला विम्याची आडकाठी नाही.

## टप्पा ५: पैसे भरून उपचार घेताना

दाखल होण्याआधी. कंपनीला सूचना द्या आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा. हॉस्पिटलकडून लेखी इस्टिमेट घ्या: खोली, सर्जन, भूल, थिएटर, इम्प्लांट, औषधे वेगवेगळी. करार संपला की करारातले ठरलेले दरही संपतात आणि हॉस्पिटलचे स्वतःचे दर लागू होतात. कंपनी मात्र 'वाजवी आणि प्रचलित' दराने मोजते. मधली तफावत तुमची.

खोलीचे भाडे इथे घात करते. समजा विमा ३ लाखांचा आणि खोलीची मर्यादा दिवसाला १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये. तुम्ही ६,००० ची स्पेशल रूम घेतली. फक्त वरचे तीन हजार जातील असे वाटते. तसे नाही. अशा अटीत सर्जनची फी, थिएटर, नर्सिंग हेही निम्मे कापले जाते. १,२०,००० चे ६०,००० होतात. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्यांवर ही कपात लावता येत नाही. कॅशलेसमध्ये टीपीए डेस्क निदान सावध तरी करते, इथे सांगणारे कुणी नसते.

भरती असताना. पैसे चेक, यूपीआय किंवा बँकेतून भरा. एका दिवसात किंवा एकाच उपचाराच्या व्यवहारापोटी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणे आयकर कायद्याने हॉस्पिटललाच मनाई आहे. "वरचे रोख द्या, पावती नको" म्हटले तर ती रक्कम क्लेममध्ये कधीच दिसणार नाही. बाहेरच्या मेडिकलमधून आणलेल्या प्रत्येक औषधासाठी चिठ्ठी आणि पेशंटच्या नावाचे पक्के बिल जोडीने ठेवा.

डिस्चार्जच्या दिवशी. घरी जायची घाई असते, रिक्षा उभी असते, आणि नेमके इथेच कागद राहतात. खाली उतरण्याआधी हातात हवे:

- सही-शिक्क्याचे डिस्चार्ज कार्ड
- बाबनिहाय अंतिम बिल (एकरकमी 'पॅकेज' एवढेच लिहिलेले चालत नाही) आणि क्रमांक असलेल्या पावत्या
- इम्प्लांट, स्टेंट किंवा लेन्सचे स्टिकर आणि त्याचे बिल
- केस पेपरच्या प्रती
- नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्स
- क्लेम फॉर्मचा भाग ब, हॉस्पिटलने भरून शिक्का मारलेला

भाग ब सगळ्यांत जास्त राहतो. ज्या हॉस्पिटलने तुमच्या कंपनीचे काम बंद केले आहे, तिथे नंतर तो भरून घ्यायला चकरा मारायला लागतात. कोरा फॉर्म दाखल होतानाच सोबत न्या.

## टप्पा ६: क्लेम दाखल करा

मुदत पॉलिसीत दिलेली असते, अनेकदा डिस्चार्जपासून १५ किंवा ३० दिवस. आधी आणि नंतरचा खर्चही मागता येतो. साधारणपणे दाखल होण्याआधीचे ३० किंवा ६० दिवस आणि नंतरचे ६० किंवा ९०. नंतरच्या खर्चाचा क्लेम वेगळा पाठवावा, त्यासाठी मुख्य क्लेम अडवून ठेवू नका.

संपूर्ण संच स्कॅन करा. पोस्टाने पाठवाल तर स्पीड पोस्टने, आणि शाखेत द्याल तर इनवर्ड शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. सोबत रद्द केलेला चेक, केवायसी, आणि रक्कम १ लाखाच्या वर असेल तर पॅन.

त्यानंतर कंपनीकडून 'क्वेरी' येते. ती नकार नसते, पण उत्तर दिले नाही तर क्लेम बंद होतो. मोबाइल क्रमांक एजंटचा दिलेला असेल तर क्वेरी त्याला जाते आणि तुम्हाला पत्ताच लागत नाही. फॉर्मवर स्वतःचाच क्रमांक घाला.

## टप्पा ७: नकार आला किंवा कापले

कपातीचा तपशील लेखी मागा: कोणती रक्कम, कुठल्या कलमाखाली. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा आणि विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ वर नोंद करा. दोन आठवड्यांत उत्तर यायला हवे. महिन्यात उत्तर नाही किंवा पटले नाही, तर वर्षभराच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. सोलापूर पुणे कार्यालयाच्या अखत्यारीत येते. ५० लाखांपर्यंतची भरपाई मागता येते, फी नाही आणि वकील लागत नाही. अर्ज ऑनलाइनही होतो.

टप्पा २ मधले ईमेल इथे कामाला येते. "तुमच्याच कार्यालयाने अमुक तारखेला परतावा मिळेल असे लिहिले आहे" या एका वाक्यापुढे कंपनीला बोलायला फारसे उरत नाही.

## टप्पा ८: नूतनीकरणाआधी

जुनाट आजारासाठी याच डॉक्टरांकडे वर्षानुवर्षे जायचे असेल, तर त्यांचे हॉस्पिटल ज्या कंपन्या स्वीकारते त्यांची यादी टीपीए डेस्ककडून घ्या आणि पोर्टिंगचा, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा, विचार करा. अर्ज नूतनीकरणाच्या निदान ४५ दिवस आधी जाईल असे बघा. पोर्ट केल्यावर आधी काढलेल्या प्रतीक्षा काळाचा (ठरावीक आजारांचा खर्च मिळू लागण्याआधी थांबायचा काळ) फायदा जुन्या विमा रकमेइतका सोबत येतो. नवी पॉलिसी घेतली तर तो शून्यापासून सुरू होतो. पण एकाच हॉस्पिटलसाठी पोर्ट करू नका, कारण तो करारही पुढच्या वर्षी संपू शकतो. सोलापुरातली निदान तीन-चार चांगली हॉस्पिटले यादीत आहेत का ते बघा.

नवी कंपनी आजारपण बघून नकार देऊ शकते. तिची लेखी मंजुरी हाती येईपर्यंत जुन्या पॉलिसीची मुदत चुकू देऊ नका.